धन्वंतरीची खरेदी

धनत्रयोदशी हा खरे पाहता वैद्यांचा दिवस. समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन धन्वंतरी वर आला, त्याच्या स्मरणाचा. जुन्या वळणाचे वैद्य त्या संध्याकाळी अजूनही धन्वंतरीच्या तसबिरीला हार घालतात आणि धने-गुळाचा नैवेद्य दाखवतात. बाकीच्या गावाला मात्र त्या लांबलचक शब्दातली पहिली दोन अक्षरे तेवढी लक्षात राहिली आहेत. त्या संध्याकाळी आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत एकदा येऊन पाहावे! पाय ठेवायला जागा नसते. अंगठ्या काय, साखळ्या काय, पाटल्या काय! ज्याच्या नावाचा हा दिवस, त्या बरे करणाऱ्यासाठी कोणी काही विकत घेतल्याचे मात्र मला कधी दिसले नाही. दिवस वैद्याचा आणि खरेदी इतरांची!

म्हणून यंदा या सदरात मी बरे करणाऱ्याच्याच खरेदीबद्दल लिहिणार आहे. हा बरे करणारा हाडामांसाचा नाही, संगणकावरच्या खेळातला आहे. ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचे एखादे माणूस आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. रात्री साडेनऊची वेळ, खोलीचे दार लोटलेले, कानांवर हेडफोन, आणि आतून मधूनच आरोळी येते, ''अरे थांबा! माझा माना संपला!'' माना म्हणजे मंत्र म्हणण्याची शक्ती. ती संपली की कितीही मोठा मांत्रिक असो, नुसता हात चोळत उभा राहतो. आमच्या शेजारच्या काकूंना हे ठाऊक नव्हते. पोरीची मान धरली असे समजून त्या एकदा तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या.

खेळाचे नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. 2004 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत तो निघाला आणि अजून चालू आहे. पाच जणांची टोळी करून एखाद्या भुयारात शिरायचे, वाटेतल्या राक्षसांचा समाचार घ्यायचा आणि शेवटच्या दांडग्या राक्षसाला लोळवून त्याची लूट घरी आणायची, एवढेच त्याचे कथानक. पाचांची कामे वाटलेली असतात. एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि सारा मार अंगावर घेतो. त्याला टँक म्हणतात. तिघे मारतात. पाचवा असतो तो या साऱ्यांना जिवंत ठेवतो. तो हीलर. आमच्या कोल्हापुरी भाषेत सांगायचे तर पुढचे चौघे पैलवान आणि हा पाचवा त्यांचे अंग चोळणारा, उतरलेला हात बसवणारा, हळद लावणारा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन मिरवतात. त्याच्या खांद्याला हळद कोणी लावली होती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या घरची टोळी म्हणजे पाच चुलत-आते-मामे भावंडे. एक पुण्याला, एक बंगळूरला, एक नाशकात, एक थेट लंडनला, आणि पाचवी आमची कन्या, अकरावीत शिकणारी. दिवाळीला सुद्धा ही पाच तोंडे एका ओसरीवर जमत नाहीत. ती दर शनिवारी रात्री या भुयारात जमतात. म्हणून मी त्या खेळाला नावे ठेवीत नाही. कामाची वाटणी झाली त्या दिवशी मी दाराशी उभा होतो. पुण्याचा दादा टँक झाला. तिघांनी तिरंदाज, जादूगार आणि तलवारबाज अशी आपापली शस्त्रे उचलली. राहिली ही. सर्वांत धाकटी आणि एकटी मुलगी. लंडनहून फर्मान आले, ''तू मागे थांब आणि आम्हाला बरं करत राहा.''

आमच्या सौ. पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ''चला, इतकं सारं नवीन यंत्र आलं, वाटणी तेवढी जुनीच राहिली.''

वाटणी जुनी आहे खरीच. 1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद-पेन्सिलीचा आणि फाशांचा खेळ निघाला. या साऱ्या खेळांचे मूळ गोत्र ते. त्यात मंत्राने जखमा बऱ्या करणारा एक धर्मगुरू होता आणि त्याला धारेचे शस्त्र वापरण्याची मनाई होती. गदा चालेल, तलवार नाही. पण आपल्याला इतक्या दूर जायचे कारण काय? देव-दानवांच्या युद्धात देवांची बाजू लंगडी पडत होती ती शस्त्रांमुळे नव्हे. दानवांकडे शुक्राचार्य होते आणि शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या होती. पडलेला दानव पुन्हा उभा राही, पडलेला देव राहत नसे. देवांनी हे ओळखले आणि नवे वज्र घडवण्याऐवजी कचाला विद्या शिकायला पाठवले. आमच्या कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांची 1959 सालची 'ययाति' ज्यांनी वाचली आहे, त्यांना कच आणि देवयानी ओळखीचीच आहेत. युद्ध कोण जिंकणार हे मागे उभ्या असलेल्या माणसावर ठरते, हे महाभारतकारांना ठाऊक होते. लंडनच्या भाच्याला ते कळायला एक पावसाळा जावा लागला. ती हकीकत पुढे येईलच.

आता कोणी विचारील, मराठी शिकवणाऱ्या माणसाला या विषयात अधिकार काय? तर आहे थोडासा. मी एम.ए. करीत होतो तेव्हा, 2005 च्या सुमारास, राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही मित्र रॅग्नारोक ऑनलाइन नावाचा कोरियन खेळ खेळत असू. कोरियात तो 2002 मध्ये निघाला. त्या दशकात भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचा वेगळा सर्व्हरही चालत होता. पुढे तो बंद पडला. तिथे मी पुरोहित होतो. त्या खेळात वरची पायरी गाठली की काही गुण हाती मिळत आणि ते बुद्धी, हस्तकौशल्य, जीवट अशा खात्यांत आपण वाटायचे. बुद्धीने औषधाचा जोर वाढे, हस्तकौशल्याने मंत्राला लागणारा वेळ कमी होई, जीवटाने आपला जीव वाढे. आणि एखादे खाते जितके भरावे तितके पुढे ते महाग होत जाई; हे अगदी आयुष्यासारखे.

तिथला बरे करण्याचा हिशेब मला अजून पाठ आहे. आपली पायरी आणि बुद्धी यांची बेरीज करायची, तिला आठाने भागायचे आणि बाकी टाकून द्यायची. जो भागाकार येईल त्याला, मंत्र पूर्ण शिकलेला असल्यास, 84 ने गुणायचे. म्हणजे बेरीज 119 असली तर भागाकार 14 आणि औषध 1176 चे. त्यात बुद्धीचा एकच गुण घाला: बेरीज 120, भागाकार 15, औषध एकदम 1260 चे! पण त्यापुढे 127 पर्यंत सात गुण ओता, औषध एका थेंबाने वाढत नाही. नवशिके पुरोहित सारी पुंजी बुद्धीत ओतीत आणि ती मधल्याच कुठल्या तरी आकड्यावर अडकून पडे. जाणते पुरोहित आठाचा पाढा म्हणत आणि उरलेली पुंजी जीवटात घालीत. कारण पहिल्याच फटक्याला जो आडवा होतो, त्याच्या बुद्धीचा उपयोग कोणाला?

कन्येला मी हा आठाचा पाढा मोठ्या उमेदीने सांगितला. ती म्हणाली, ''बाबा, ते तुमच्या वेळचं. आमच्याकडे तसं नाही.'' आणि तिने मला समोर बसवून आपल्या खेळाचे व्याकरण समजावून दिले. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला असे बसणे फार सुखाचे असते.

या खेळात अंगावर चढवण्याच्या वस्तूंच्या जागा सोळा. शिरस्त्राण, हार, खांदे, अंगरखा, कमरपट्टा, जोडे, दोन बोटांत दोन अंगठ्या, दोन ताईत वगैरे. सोळा शृंगारच म्हणा ना! आमची कन्या ड्रुइड नावाची वनवासी मांत्रिक आहे. तिने चामड्याचे वापरायचे असा नियम आहे. कोल्हापूरच्या मुलीला तो शिकवावा लागला नाही. शिरस्त्राण, अंगरखा यांसारख्या मोठ्या वस्तूंत बुद्धी आणि दम हे दोन गुण येतातच. त्यांत निवडायचे फारसे नसते. निवड असते ती दुय्यम गुणांची, आणि हे चार गुण म्हणजे माणसांचे चार स्वभाव आहेत.

पहिला गुण हाताच्या चपळाईचा. मंत्र झटपट म्हणून होतात. पण प्रत्येक मंत्राचा खर्च तेवढाच राहतो, म्हणून जितका हात चपळ तितकी थैली लवकर रिकामी. दुसरा गुण नशिबाचा. मधूनच एखादे औषध दुप्पट लागू पडते. पण ते नेमके गरजेच्या वेळीच दुप्पट होईल, याची हमी कोणी देत नाही. तिसरा गुण अष्टपैलूपणाचा. औषधाचा जोर थोडा वाढतो, शिवाय आपल्याला लागणारा मारही थोडा कमी होतो. दिसायला हा सर्वांत फिका, घरातल्या वरण-भातासारखा. आणि चौथा गुण हातखंड्याचा, तो ज्याच्या त्याच्या पंथाप्रमाणे वेगळा. शामान नावाच्या मांत्रिकाचे औषध रोगी जितका खालावलेला तितके जास्त लागू पडते. पॅलाडिन नावाच्या धर्मवीराचे औषध जो जवळ उभा आहे त्याला अधिक लागते. ड्रुइडचे औषध एकावर एक पुटे चढवावी तसे. एकाच माणसावर तिचे दोन-तीन उपचार एकदम चालू असले की प्रत्येकाचा गुण वाढतो. मला हे ऐकताना आमच्या लहानपणचे तीन डॉक्टर आठवले. एक अगदी जिवावर बेतल्याशिवाय मनापासून लक्ष घालीत नसत, एकांचा नुसता हात हातात घेतला तरी बरे वाटे, आणि एकांच्या पुड्या तीन, काढे दोन आणि लेप एक!

मग यांतले निवडावे काय? इथे मला वाटते, हीलरची खरेदी इतरांच्या खरेदीहून अगदी निराळी होते. तिरंदाजाने कोणता बाण घ्यावा याचे उत्तर तिरंदाजाकडेच असते. हीलरला आधी दुसऱ्याकडे पाहावे लागते. टँक दादाची ढाल जाड आहे की पातळ? तो दोन राक्षस ओढून आणतो की दहा? मार एकावर पडणार की पाचांवर? व्याकरणात सांगायचे तर इतरांची खरेदी प्रथमा विभक्तीतली असते, हीलरची चतुर्थीतली. त्यातून आमच्या कन्येला आणखी एक अडचण. खेळाचे यंत्र युरोपात. तिने कोल्हापुरात बोट दाबले की ते तिथे पोचून उत्तर परत यायला दीडशे मिलिसेकंद लागतात. तिच्या पडद्यावर तसा आकडाच दिसतो. लंडनच्या भाच्याला हे अंतर जाणवत नाही. पण दादाचा प्राण कंठाशी आल्यावर औषध द्यायला निघाली, तर कोल्हापूरची मुलगी उशिराच पोचणार. म्हणून तिने पंथच असा निवडला की ज्यात औषध आधी देऊन ठेवता येते आणि ते हळूहळू लागू पडत राहते. मार पडण्याआधी लेप! तिच्या साहित्यात एक सतरावी वस्तूही आहे, ती खेळाबाहेरची. वीज गेली तरी इंटरनेट चालू राहावे म्हणून राउटरला जोडलेला एक छोटा इन्व्हर्टर. ''बाकी कुणाची वीज गेली तर एक माणूस कमी होतं,'' ती म्हणते, ''माझी गेली तर चौघं मरतात.''

आणखी एक गोष्ट तिने मला दाखवली. लढाई संपली की कोणी किती औषध दिले आणि त्यातले किती वाया गेले, याचा जमाखर्च पाहता येतो. ज्याला जखमच नाही त्याला दिलेले औषध वाया. आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी अशी म्हण आहे. भरल्या घड्यावर पाणी अशीही एक हवी होती. नवशिक्या हीलरचे आकडे मोठे असतात आणि वाया गेलेलेही मोठे असतात. देण्याच्या हौसेने माणूस देत सुटतो आणि खऱ्या घटकेला थैली रिकामी! याच खेळात 2005 च्या सप्टेंबरात एक साथ पसरली होती. एका राक्षसाचा शाप, जो त्याच्या भुयारातच राहायचा, तो खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत आला आणि शहरे ओस पडली. अनेक हीलर धावून गेले. पण त्यांनी जगवलेले आजारी लोक साथ पुढे नेत राहिले आणि हीलरांनाही ती लागली. खरोखरीच्या साथींचा अभ्यास करणाऱ्या दोन संशोधकांनी, एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी, 2007 मध्ये 'लान्सेट इन्फेक्शियस डिसीझेस' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. चांगल्या हेतूलाही हिशेब लागतो.

या खेळाच्या जुन्या आवृत्तीत एक नियम होता, तो मला सर्वांत आवडला. तेव्हा 'स्पिरिट' नावाचा एक गुण असे. आपण त्याला आत्मबळ म्हणू. त्याने रिकामी थैली पुन्हा भरत जाई. पण केव्हा? शेवटच्या खर्चिक मंत्रानंतर पाच सेकंद हात आवरून उभे राहिले तरच! सतत मंत्र म्हणणाऱ्याचे आत्मबळ त्याच्या कामी येतच नसे. म्हणून जुने हीलर भर लढाईत पाच-पाच सेकंद शांत उभे राहायला शिकत. बघणाऱ्याला वाटे, हा आळशी आहे. 2016 मध्ये हा गुण वस्तूंवरून काढून टाकला, तरी 2019 मध्ये जुना खेळ पुन्हा सुरू झाला त्यात तो नियम अजून नांदतो आहे.

हा नियम ऐकला आणि मला गेल्या वर्षीचे आमचे घर आठवले. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले आणि ती तीन महिने अंथरुणावर होती. तिला उठवणे, बसवणे, कूस पालटणे, सारे आमच्या सौ.कडे. मी आणि माझा भाऊ हातभार लावीत होतो, पण कॉलेज आणि कचेरी संभाळून. घरात आईसाठी काय काय आले सांगू! वरखाली होणारी खाट आली, हवेची गादी आली, वॉकर आला. पण खाट येण्याच्या आदल्या दिवशी आमच्या सौ. स्वतः महाद्वार रोडला जाऊन एक वस्तू घेऊन आल्या होत्या: स्वतःच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा. आणि दुसरा नेम त्यांनी असा घातला की दुपारी दोन ते चार दाराला कडी. त्या वेळात आईजवळ शेजारच्या काकू बसत. समाचाराला येणाऱ्या मंडळींना हे रुचले नाही. ''सासू अंथरुणावर आणि सुनेला झोप कशी येते?'' असे एक आजी पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, त्या मला ऐकू याव्यात इतक्या मोठ्याने.

सौ.ना मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, ''त्यांना सांगा, माझी कंबर मोडली की दुसरी खाट लागेल. ती ठेवायला घरात जागा नाही.''

तीन महिन्यांनी आई काठी टेकीत अंगणात आली. त्या दिवशी सौ. तिच्या शेजारी ताठ कमरेने उभ्या होत्या. आजींनी आईच्या जिद्दीचे कौतुक केले, डॉक्टरांचे केले, वॉकरचेही केले. कन्या हे सारे पाहत होती. पोरे वर्गात ऐकत नाहीत, घरात मात्र सारे टिपून ठेवतात.

आता ती अंगठीची हकीकत. यंदाच्या पावसाळ्यात एका शनिवारी राक्षस पडला आणि त्याच्या लुटीतली एक अंगठी लंडनच्या भाच्याच्या वाट्याला आली. अंगठ्यांत बुद्धी किंवा बळ असे काही नसते. दम असतो आणि ते दुय्यम गुण असतात. त्यामुळे अंगठी तिरंदाजालाही चालते, मांत्रिकालाही चालते, आणि भांडणे अंगठीवरूनच होतात. शकुंतलेपासूनच ती परंपरा आहे. या अंगठीत चपळाई होती आणि अष्टपैलूपणा होता. भाच्याकडे त्याच तोलाची एक अंगठी आधीच होती, म्हणून ही दुसऱ्याला देण्याची खेळात मुभा होती, दोन तासांच्या आत. कन्येने ती मागितली.

''तुला कशाला? तू तर मागे उभी असतेस,'' तिकडून उत्तर आले. ''माझा आकडा वाढला तर राक्षस लवकर मरेल.''

आकडा म्हणजे कोणी किती मारले याचा तक्ता. तो पडद्यावर सदैव झळकत असतो आणि भाचा त्यात पहिला असतो. मला वाटले, पोरगी आता रुसणार. ती रुसली नाही. तिने जुन्या लढायांचे जमाखर्च काढले आणि शांतपणे वाचून दाखवले. शेवटल्या नऊ पराभवांपैकी सहा वेळा पहिले मरण तिचे होते. राक्षसाचा फटका सर्वांवर पडे, ती आधी चौघांना लेप लावी, आणि स्वतःपर्यंत हात पोचायच्या आत आडवी होई. मग पुढच्या काही क्षणांत बाकीचे चौघे.

''दादा, तुझा आकडा थोडा वाढेल हे खरं आहे,'' ती म्हणाली. ''पण आपण हरतो ते राक्षस उशिरा मरतो म्हणून नाही, मी आधी मरते म्हणून. आजीच्या वेळी आईनं खाटेच्या आधी पट्टा घेतला होता. मला तो पट्टा हवाय.''

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पुण्याचा दादा म्हणाला, ''भावा, दे की ती अंगठी तिला. आजीला विचार हवं तर.'' आणि दोन तासांची मुदत संपायच्या बरीच आधी अंगठी कोल्हापुरात आली.

कथा इथे संपवली असती तर पुढच्याच शनिवारी राक्षस पडला असे लिहिता आले असते. पण तसे झाले नाही. पुढचा शनिवारही त्यांनी गमावला, आणि या वेळी कारण दुसरे होते. टँक दादा औषधाची वाट न पाहता पुढे पळत सुटला. इथे मात्र मला माझी विद्या उपयोगी पडली. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, म्हणजे एकूण पुन्हा सोळाच! शुश्रूषा करणाऱ्याला उपचारांचे ज्ञान हवे, हाताची तत्परता हवी, रोग्याविषयी माया हवी आणि स्वच्छता हवी. पण चरक तिथे थांबत नाही. तो रोग्याकडूनही चार गुण मागतो: सांगितलेले लक्षात ठेवणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपल्याला काय होते आहे ते नीट सांगणे. हे मी पुण्याच्या दादाला फोनवर ऐकवले. ''मामा, पहिला, तिसरा आणि चौथा आहे माझ्याकडे,'' तो म्हणाला. चौथा होता हे खरे. ओरडून सांगण्यात तो कधीच कमी पडला नाही. दुसऱ्या गुणासाठी असे ठरले की कन्येने 'चल' म्हटल्याशिवाय त्याने पाऊल उचलायचे नाही.

त्यापुढच्या शनिवारी राक्षस पडला. पाचांपैकी एकही जण मेला नाही. तक्त्यावर लंडनचा भाचा पहिला होता. त्याने तक्त्याचे छायाचित्र घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्यावर त्याच्या आईने ''शाब्बास रे बाळा'' असे लिहिले, दोघा काकांनी अंगठे दाखवले आणि कोणी तरी फुलांचा गुच्छ पाठवला. मी कन्येकडे पाहिले. तिला त्याचे काही वाटलेले दिसले नाही. ती आपला जमाखर्च वाचीत होती. ''बाबा, वाया गेलेलं निम्म्यावर आलंय,'' ती म्हणाली, ''आणि शेवटी माना उरला होता.''

मला त्या वाक्याचे फार अप्रूप वाटले. मारणाऱ्याच्या कामगिरीचा पुरावा समोर पडलेला असतो. बरे करणाऱ्याचा पुरावा म्हणजे काहीही न घडणे. आई पडली नाही, ताप चढला नाही, जखम चिघळली नाही. जे घडलेच नाही त्याचे छायाचित्र कसे काढणार? म्हणून घरोघरी अशा माणसाच्या वाट्याला उरलेली लूट येते. सर्वांचे घेऊन झाल्यावर पिशवीत जे राहील ते. आणि पुष्कळदा तेही आपण आपल्या आवडीने आणतो. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला जरीची साडी आणतो आणि तिने ती नेसली नाही म्हणून हिरमुसतो!

खेळातली पोरे या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी म्हटली पाहिजेत. ती निदान हिशेब काढतात. हीलर कितव्यांदा आधी पडला, त्याची थैली कुठे रिकामी झाली, त्याला जोर कमी पडला की दम, हे ती आकड्यांत पाहतात आणि मग वस्तू निवडतात. आपल्याकडे असा तक्ता नाही. आपल्याला विचारावे लागेल. यंदा गुजरीच्या गर्दीत शिरण्याआधी ज्यांच्या घरी कोणी आजारी माणसाचे करते आहे, त्यांनी तिला किंवा त्याला तेवढे विचारावे. उत्तर सोन्याचे नसेल, असा माझा अंदाज आहे. एखादा कमरेचा पट्टा असेल, मऊ तळव्यांच्या चपला असतील, आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कोणी उठावे एवढे असेल. नाही तर दुपारी दोन ते चार दाराला कडी, आणि बाहेर पायऱ्यांवर कोणी काही बोलले तर ते परस्पर ऐकून घेणारे घरचे एक माणूस.